बदलापूरचा भोपळा, ऐरोलीचं भूत

"अगं, एवढा मोठा भोपळा? घारगे करायचेत का?" आजीने विचारलं.

"नाही गं आजी, ह्याला डोळे काढायचेत. उद्या ऑफिसला न्यायचाय," ताई म्हणाली.

आजीने आधी भोपळ्याकडे पाहिलं, मग ताईकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे पाहून विचारलं, "हिचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

ही गोष्ट २०२३ च्या ३० ऑक्टोबरची, आमच्या बदलापूर गावातल्या घरातली. ती आत्ता आठवायचं कारण म्हणजे आपल्या हॉस्टेलच्या सी विंगने यंदा हॅलोवीन करायचं ठरवलंय. रीडिंग रूम सजवायची, कॉरिडॉरमध्ये भुतं टांगायची आणि मेसमध्ये अंधार करायचा (मेसचं जेवण तसंही अंधारातच चांगलं लागतं!). रेक्टर मॅडमनी विचारलं, "हे हॅलोवीन म्हणजे नक्की काय, आणि त्यात काय काय करणार ते लिहून द्या." सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर म्हणे मी कॉन्व्हेंटची! म्हणून हा लेख. माझं मराठी जरा कॉन्व्हेंटी आहे, सांभाळून घ्या.

तर आधी थिअरी. मग प्रॅक्टिकल. वायवा शेवटी.

हॅलोवीनमधलं 'हॅलो' हे फोनवरचं हॅलो नव्हे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे पवित्र, संत. ख्रिस्ती लोकांमध्ये १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस असतो. त्याच्या आदली संध्याकाळ, म्हणजे ३१ ऑक्टोबर, ती संतांची पूर्वसंध्या. बोलता बोलता त्याचं झालं हॅलोवीन. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. त्या दिवशी शाळेत सिस्टर आम्हाला दोन मिनिटं डोळे मिटून आपापल्या घरातल्या गेलेल्या माणसांची आठवण काढायला सांगायच्या. मी आजोबांची काढायची. वसईला, मुंबईला त्या दिवशी दफनभूमीत कबरी साफ करतात, फुलं वाहतात, मेणबत्त्या लावतात. म्हणजे मूळ दिवस हा घाबरवण्याचा नाहीच, आठवण काढण्याचा आहे. आपल्या पितृपक्षाचा हा लांबचा चुलतभाऊ म्हणा ना!

मग भुतं कुठून आली? ती आली आयर्लंड आणि स्कॉटलंडकडून. तिथे ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून ह्याच सुमाराला 'सावन' नावाचा सण असायचा. पीक घरात आलं, हिवाळा सुरू झाला, जुनं वर्ष संपून नवं लागलं. अशा सीमेवरच्या रात्री मेलेल्यांचं आणि जिवंतांचं जग एकमेकांच्या जवळ येतं, अशी समजूत होती. म्हणून शेकोट्या पेटवायच्या, तोंडाला मुखवटे लावायचे. वाईट शक्तींना घाबरवायला सलगमसारखा मोठा कंद कोरून त्यात दिवा ठेवायचे. पुढे १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक गेलं, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले. तिथे त्यांना भोपळा मिळाला. सलगमपेक्षा मोठा, कोरायला सोपा. झाला हॅलोवीनचा भोपळा!

आता ह्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट सांगते. लाल भोपळा मुळात अमेरिका खंडातला. आणि आपण दसऱ्याला ज्याची तोरणं बांधतो तो झेंडू? तोही तिकडचाच, मेक्सिकोचा! मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांचा दिवस पाळतात, तेव्हा गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे झेंडूच्या पाकळ्यांच्या वाटा करतात. वासाने आणि रंगाने त्यांना घर सापडावं म्हणून. म्हणजे आपलं दसऱ्याचं तोरण आणि त्यांचा हॅलोवीनचा भोपळा हे एकाच गल्लीतले. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग घारगे पण तिकडचेच का?" म्हटलं, नाही आजी, घारगे तुझेच.

आता प्रश्न असा की हा सण ऐरोलीच्या ऑफिसात कशाला?

ताई ऐरोलीच्या एका कंपनीत अमेरिकन क्लायंटच्या प्रोसेसवर काम करते. ऑक्टोबरच्या शेवटी न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. म्हणून ताईची शिफ्ट साडेसहाला सुरू. दुपारी बदलापूरहून लोकल पकडायची, ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची गाडी, मग ऐरोली. रात्री परत कंपनीची कॅब. ह्या नोकरीत माणूस झोपतो इथल्या घड्याळावर आणि जागतो तिथल्या. सुट्ट्याही तिकडच्या. मग सणही तिकडचे आले तर नवल काय? कॉलच्या सुरुवातीला क्लायंट 'हॅपी हॅलोवीन' म्हणतो, तर ह्यांच्या मागे कॅमेऱ्यात भोपळा दिसायला हवा. एचआर दरवर्षी 'बे डेकोरेशन'ची स्पर्धा ठेवते. बे म्हणजे आठ-दहा टेबलांची एक रांग. जिंकणाऱ्या बेला पिझ्झा.

पण खरं सांगायचं तर कामाची जागा सजवणं ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्याकडे उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ह्या पट्ट्यात तर घरोघरी कोणी ना कोणी कारखान्यात. खंडेनवमीला मशीन बंद करून धुऊनपुसून स्वच्छ करतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचं तोरण, नारळ, पेढे. वर्षभर ज्या मशीनला शिव्या घातल्या तिला त्या दिवशी नमस्कार. दसऱ्याच्या आधीच्या कामाच्या दिवशी तर आमच्या लोकलचे डबेसुद्धा सजतात. आंब्याची पानं, झेंडू, पताका, देवीचा फोटो, आरती, प्रसाद. बदलापूर ते सीएसएमटी साधारण ६८ किलोमीटर. जो माणूस रोज जाऊन-येऊन तीनेक तास त्या डब्यात काढतो, त्याचं ते दुसरं घरच. म्हणून तो सजवतो.

आणि भीतीदायक सजावट म्हणाल, तर तीही आपल्याकडे आहेच की! दुकानाच्या दाराला लिंबू-मिरची. रिक्षाच्या बंपरखाली तीच. नव्या बिल्डिंगच्या बांधकामावर काळी बाहुली नाहीतर जीभ बाहेर काढलेला राक्षसाचा मुखवटा. दाराला टांगलेला कोहळा. बदलापुरात सध्या जिकडेतिकडे टॉवर उठतायत, प्रत्येकावर एक राक्षस आहेच. तो लोकांना घाबरवायला नाही, नजर लागू नये म्हणून. आयर्लंडमधल्या त्या कोरलेल्या कंदाचं कामही हेच होतं, वाईटाला दारातूनच परत पाठवायचं. गोव्यात तर नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे मोठाले पुतळे करतात आणि पहाटे जाळतात. राक्षस कितीही भयानक असला तरी सकाळी त्याची राख होणार, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामुळे भीतीची मजा येते.

आता मूळ गोष्टीवर येते. त्या भोपळ्याचं पुढे काय झालं?

भोपळा कोरला मी आणि ताईने मिळून. आपला बाजारातला भोपळा सिनेमातल्यासारखा नारिंगी नसतो, हिरवट-पिवळा आणि बसका असतो. तो भुतासारखा कमी आणि दमलेल्या क्लार्कसारखा जास्त दिसत होता. शिवाय ताईने पुठ्ठ्याच्या आठ कबरी केल्या. करड्या रंगाने रंगवल्या आणि प्रत्येकीवर बेमधल्या एकेकाचं नाव घातलं. खाली गमतीच्या ओळी. एकावर 'चहा मिळाला नाही म्हणून गेला', एकावर 'डेडलाइनने नेला'. मी स्वतः त्या वाचून खो खो हसले होते. ३१ तारखेला संध्याकाळी प्रत्येकाच्या खुर्चीमागे एकेक कबर उभी केली.

त्या टीममधली एक मुलगी दोन आठवडे रजेवर होती. तिचे वडील गेले होते. तेरावं झालं आणि ती नेमकी त्याच दिवशी कामावर आली. टीमला ते माहीत होतं. पण ती त्या दिवशी येणार हे कोणाच्या डोक्यात नव्हतं, आणि 'सगळ्यांची नावं हवीत' म्हणून तिचीही कबर केली होती. त्यावर तिचं नाव आणि आडनाव. आडनाव म्हणजे वडिलांचंच की!

ती आली. उभी राहिली. काही बोलली नाही. पुठ्ठा फिरवून भिंतीकडे केला, हेडफोन लावला आणि लॉगिन केलं. नऊ तास काम करून गेली.

ताई पहाटे घरी आली तेव्हा मी सबमिशन लिहीत जागीच होते. ती म्हणाली, "मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. तिने काहीच केलं नाही गं. कारण तिला जायला जागाच नव्हती. ती तिचीच खुर्ची होती." बेला पिझ्झा मिळाला होता. ताईने खाल्ला नाही.

सकाळी बाबांना कळलं. बाबा बोलणारे नाहीत. त्यांनी फक्त उजवा हात पुढे केला. त्यांच्या तर्जनीचं वरचं पेर नाही. लहानपणापासून आम्ही ते पाहतोय, पण कसं गेलं ते त्यांनी कधी नीट सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ते लेथवर होते. खंडेनवमीला कोणीतरी चकलाच हार घातला. दसऱ्याची सुट्टी झाली. परवा सकाळी घाई होती, हार तसाच राहिला आणि मशीन सुरू झालं. हार गुंडाळायला लागला तसा बाबांचा हात आपोआप तो ओढायला गेला. देवाचा हार ना!

मी मेकॅनिकलची असल्यामुळे नंतर ह्याचा हिशेब करून पाहिला. चकचा व्यास २०० मिलिमीटर धरला तर घेर होतो साधारण ६३ सेंटिमीटर. मिनिटाला ५०० फेरे म्हणजे सेकंदाला आठच्या वर. म्हणजे दोरा सेकंदाला सव्वापाच मीटर वेगाने आत ओढला जातो. माणसाला धोका कळून हात मागे घ्यायला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात सव्वा मीटरपेक्षा जास्त दोरा गुंडाळला गेला. अख्खा हारच सव्वा मीटरचा नसतो! म्हणजे 'मी लगेच सोडला असता' हे गणितात बसतच नाही.

बाबा पुढे म्हणाले, "तेव्हापासून मी हार फक्त मशीनच्या बॉडीला घालतो. जे फिरतं त्याला नाही. पूजा करायची तर आधी बघायचं, उद्या इथे कोणाला काम करायचंय."

माझ्या मते सगळा लेख ह्या एका वाक्यात आहे. घरच्या सणात नको असेल तर माणूस उठून आतल्या खोलीत जातो. जत्रेतल्या भुताच्या घराचं तिकीट आपण स्वतः काढतो. पण कामाच्या जागेवर माणूस बांधलेला असतो. त्याची खुर्ची, त्याचं मशीन, त्याची शिफ्ट. तिथली सजावट त्याने निवडलेली नसते आणि तिच्यापासून त्याला पळताही येत नाही. म्हणून तिथे सजवणाऱ्याची जबाबदारी दुप्पट. हारात अडकतं ते बोट, आणि कबरीच्या पुठ्ठ्यात अडकतं ते मन, एवढाच फरक.

तर सी विंगवाल्यांनो, आता प्रॅक्टिकल. नीट वाचा, रेक्टर मॅडम पण वाचतायत.

पहिलं, आग. कोळ्याची जाळी म्हणून जो पांढरा ताणायचा कापूस मिळतो तो बहुतेक पॉलिस्टरचा असतो आणि भराभर पेटतो. तो ट्यूबलाइटला, पंख्याला गुंडाळायचा नाही. भोपळ्यात मेणबत्ती नाही, बॅटरीवरचा एलईडी दिवा. ऑफिसात छताला जे स्प्रिंकलर असतात त्यातली लाल काचेची नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटतं. त्याला वटवाघूळ टांगलं तर नळी फुटू शकते किंवा आग लागल्यावर पाणी नीट पसरत नाही. बाहेर जायच्या रस्त्याची हिरवी पाटी झाकायची नाही. अंधार करायचा असेल तर जिन्यात अजिबात नाही.

दुसरं, वीज. साध्या ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला जास्तीत जास्त १३८० वॅट काढता येतात. एलईडीच्या माळा त्यात आरामात बसतात. पण त्याच बोर्डावर कोणाची १५०० वॅटची किटली असेल तर बोर्ड आधीच ओव्हरलोड आहे (कोणाची ते मी लिहीत नाही, तिने मला चहा पाजलाय). एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं, दुसऱ्यात तिसरं असली मारुतीची शेपटी करू नका. ऑफिसात कॉम्प्युटरसाठी यूपीएसचे वेगळे प्लग असतात, त्यात माळा लावायच्या नाहीत. नाहीतर भुतं चमकतात आणि सर्व्हर झोपतो.

तिसरं, धूर. कोणीतरी 'ड्राय आइस आणू' म्हणालं होतं. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे ७८ अंशाचा. उघड्या हाताने धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. त्याहून महत्त्वाचं, १ किलोतून सुमारे ५४० लिटर वायू निघतो. आता ३ बाय ३ मीटरची आणि २.७ मीटर उंचीची बंद खोली घ्या. तिच्यात २४,३०० लिटर हवा. त्यात २ किलो ड्राय आइस विरघळला तर कार्बन डायऑक्साइड साडेचार टक्क्यांच्या आसपास जातो. थोड्या वेळासाठीसुद्धा ३ टक्क्यांच्या वर नको असा नियम आहे. हा वायू हवेपेक्षा दीडपट जड, खाली साठतो. म्हणजे जो गंमत म्हणून टेबलाखाली लपून बसलाय, त्यालाच आधी चक्कर येणार. बंद एसी खोलीत हा प्रकार नकोच. पांढऱ्या ओढणीमागून निळा दिवा सोडा, तेवढंच भूत पुरतं.

चौथं, माणसं. हे सर्वांत अवघड, कारण ह्याला फॉर्म्युला नाही. ताईच्या ऑफिसात त्यानंतर त्यांनी स्वतःच तीन नियम केले. कोणाचंही खरं नाव कबरीवर, ताबूतावर, कशावरही घालायचं नाही. कोणाच्याही खुर्चीवर किंवा टेबलावर त्याला न विचारता काही ठेवायचं नाही, सजावट कॉमन जागेत. आणि आदल्या दिवशी टीम लीडरने बघायचं, ह्या वर्षी कोणाच्या घरात काय झालंय. फास, जळालेली माणसं, वेड्यांचं हॉस्पिटल हे विषय बाद. झाडूवाल्या मावशी आणि रात्रीच्या वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवायचं. पहाटे तीन वाजता पँट्रीत अचानक सापळा दिसला तर गंमत त्यांची नाही, आपली होते.

पाचवं, आवराआवर. ज्याने टांगलं त्याने काढायचं. दुसऱ्या दिवशी मावशींनी शिडीवर चढून कोळ्याची जाळी ओढत बसायची नाही. आणि भोपळा दोन-तीन दिवसांत कुजतो, म्हणून कोरतानाच आतला गर बाजूला काढा. बिया धुऊन वाळवा. गराचं काय करायचं ते आजीला विचारा.

तुम्ही म्हणाल, एवढे नियम असतील तर मजा काय राहिली? मलाही असंच वाटलं होतं. पण २०२४ साली गंमत झाली. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन आणि नरक चतुर्दशी एकाच दिवशी आले! पहाटे आम्ही अभ्यंगस्नान करून डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडलं, आणि संध्याकाळी ताई कंदील आणि भोपळा दोन्ही घेऊन ऑफिसला गेली. बेच्या तोंडाशी एका बाजूला आकाशकंदील, दुसऱ्या बाजूला दात विचकणारा भोपळा, आणि मध्ये झेंडूचं तोरण. क्लायंटने कॅमेऱ्यात पाहून विचारलं, "हे काय आहे?" मग ताईने त्याला पंधरा मिनिटं नरकासुर समजावला. कॉल लांबला आणि पहिल्यांदाच त्याबद्दल कोणी ओरडलं नाही.

आणि ती मुलगी? तिने त्या वर्षी एक छोटी गोष्ट केली. तोरणाखालच्या टेबलावर एक पणती ठेवली, बॅटरीवरचीच. कोणासाठी ते बोलली नाही. कोणी विचारलंही नाही. शिफ्ट संपेपर्यंत त्या टेबलावर आणखी चार पणत्या झाल्या होत्या. एक ताईची, आमच्या आजोबांसाठी.

तेव्हा सी विंग, करा की हॅलोवीन! रीडिंग रूममध्ये नको, तिथे केटीवाले आधीच घाबरलेले आहेत. कॉमन रूम घ्या. भुतं टांगा, पण दाराजवळ नको. आणि एक कोपरा पणत्यांसाठी ठेवा, नावं न लिहिता. हॉस्टेलमध्ये आपण दोनशे जणी राहतो. शेजारच्या खोलीत ह्या वर्षी कोण गेलंय हे आपल्याला दर वेळी माहीत असतंच असं नाही.

भोपळा मी बदलापूरहून आणते. कोरून झाला की गर मेसच्या काकांकडे द्यायचा. आजीने घारग्यांचं प्रमाण लिहून दिलंय, गूळ जरा जास्त घाला म्हणालीय.

वायवासाठी तयार आहे, रेक्टर मॅडम. विचारा!